खाडीतले मासे नक्की कशावर जगतात?

प्रश्न: खारफुटीची पानं गळतात, कुजतात आणि त्यावरच सगळे मासे पोसतात असं वाचलंय, पण खरंच सगळं पानांवरच चालतं का?

उत्तर १: नाही हो. पानात टॅनिन (तुरट द्रव्य) आणि सेल्युलोज (चिवट तंतू) भरपूर, नायट्रोजन कमी, त्यामुळे थेट खाणारे म्हणजे मुख्यतः खेकडे, बाकीचं बुरशी नि बॅक्टेरिया कुजवतात. ओहोटीला चिखलावर तपकिरी-सोनेरी थर दिसतो ना, ते डायटम, सूक्ष्म शैवाल. बोय मासा चिखलाचा वरचा थर तोंडात ओढून तेच गाळून खातो, जबरदस्त प्रकार आहे.

उत्तर २: कोण काय खातं हे कार्बनच्या आयसोटोपवरून, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून कळतं. कार्बन-१३ (जड कार्बन) ठरलेल्या नमुन्यापेक्षा हजारात किती कमी ते मोजतात; हे मूल्य खारफुटीच्या पानांत साधारण उणे २८, समुद्री प्लवकांत (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) उणे २० ते २२, समुद्री गवतात उणे १० ते १२ च्या आसपास, आणि माशाच्या मांसात त्याच्या खाण्याची छाप उतरते. बऱ्याच ठिकाणी माशांचे आकडे पानांपासून लांबच निघतात.

प्रश्नकर्ता: मग खारफुटी तोडली तरी चालेल?

उत्तर १: अजिबात नाही! पिल्लं मुळांतच लपतात, मुळांवर शैवाल वाढतं, गाळ अडतो. खाणं बाहेरून आलं तरी आसरा कुठून आणणार?