मिरज स्टेशनवरच्या मुलाची एचआयव्ही तपासणी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण रविवारी मिरज जंक्शनबाहेरच्या पोरांना शिकवतो. शिकवणं नावालाच, अंघोळ, नाष्टा नि गप्पाच जास्त. त्यात एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे. कर्नाटकातून आलाय, बाटल्या गोळा करतो, नशेसाठी सोल्युशन (पंक्चरचा गोंद) हुंगतो. घरचा विषय काढला की उठून जातो. काल त्यानं सांगितलं, एक माणूस जेवण नि पैसे देतो आणि नको ते करायला लावतो. बरोबरच्या पोरांनी त्याच्या डोक्यात भरवलंय की तुला एड्स झालाच.

तपासणी करायची तर पालकांची सही कुठून आणू? आणि पोलिसांचं नाव काढलं तर हा पुढच्या गाडीत बसून पसार होईल. गुपचूप तपासणी होते का?

प्रतिसाद

समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सांगते. आधी त्याला विचारा, शेवटचं कधी घडलं? ७२ तास झाले नसतील तर आजच्या आज सरकारी दवाखान्यात न्या. पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात. जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. वेळ टळली असेल तर आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, मोफत तपासणी होते. आता निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची. हुंगल्यानं एचआयव्ही होत नाही, एकमेकांची सुई वापरली तर होऊ शकतो. तेही विचारून घ्या.

अठराच्या आत पालकांची संमती लागते. पालक नसतील तर बाल कल्याण समितीमार्फत जावं लागतं. त्यामुळे गुपचूप जमणार नाही, आणि कृपा करून 'मी याचा काका' म्हणून सही ठोकू नका. तसे काका खूप पाहिलेत.

पोलिसांचं म्हणाल तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळल्यावर कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा. पण पोराला हेही सांगा की गुन्हेगार तो नाही. जबाब तो म्हणेल त्या जागी घेतात, पोलीस वर्दीत नसतात, रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे आधी त्याच्या कानावर घाला, मगच फोन करा. परस्पर केलात तर मात्र नक्की पळेल. निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं सक्तीचं आहे.

आणि तो कुठून आला, काय करतो हे वरून काढून टाका. मिरज केवढंसं!

धागाकर्ता

संपादकांना मजकूर बदलायला कळवलंय. त्याला विचारलं, परवा रात्रीचं म्हणाला. म्हणजे वेळ आहे. पोलिसांचं सगळं समजावलं, बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तुमी संगं येनार असला तर." १०९८ ला फोन झालाय, आम्ही निघतोय. सिव्हिलला एवढ्या रात्री या गोळ्या कॅज्युअल्टीतच मिळतात का? कुणाला माहीत असेल तर लगेच लिहा.