मदत हवी आहे: पंखा गरगर फिरतोय, पण वारा लागत नाही

घामाघूम (१४ मार्च, रात्री १०:५२)
हॉलमधला पंखा फिरतो पण खाली वारा म्हणून लागत नाही. पाचवर ठेवला तरी तेच. वर डुगडुगतो आणि कटकट आवाज करतो. परवाच साफ केलाय, तेव्हा "धूळ पुसा" कृपया कुणी सांगू नका. अकोला, वरचा मजला. सोमवारी सासूबाई येतायत, त्या हॉलमध्येच झोपतात. नवाच आणू का? लवकर सांगा.

खटपट्या (११:०५)
कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारी छोटी डबी. डोळे मिटून सांगतो. वर त्याची क्षमता २.५ मायक्रोफॅरड लिहिलेली असते, पण वर्षं गेली की तो उतरत जातो आणि पंखा रेंगाळायला लागतो. चहा-भज्यांच्या पैशात काम होईल.

युनिटमोजे (११:११)
नवाच घ्या, आणि बीएलडीसी घ्या, म्हणजे ब्रशलेस डीसी मोटरचा, कमी वीज खाणारा. साधा पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅट खातो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास धरले तर महिन्याला २७ युनिट कुठे आणि ११ कुठे. आमच्या घरी पाच पंखे आहेत, गुणाकार तुम्हीच करा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालंय, तेव्हा दुकानात तारे मोजूनच घ्या.

खटपट्या (११:१४)
आणि त्याचं सर्किट उडालं की? साधा पंखा गल्लीतला कुणीही उघडून देतो.

युनिटमोजे (११:१६)
माझा चार वर्षं झाली, एकदाही उडालं नाही.

खटपट्या (११:१७)
चार वर्षं! आमच्या माजघरातला पंखा माझ्या मुंजीच्या आधीचा आहे.

जुना_वायरमन (११:३०)
भाऊ, आधी थोडं सांगा. पंखा किती वर्षांचा? रेग्युलेटर जुना चौकोनी डबा की बोर्डातला गोल खटका? बाकी खोल्यांतले पंखे नीट चालतात का? ते मंद असतील तर दोष पंख्याचा नाही, व्होल्टेजचा. कटकट मोटरच्या पोटातून येते की वर हुकापाशी? आणि साफ करायच्या आधी वारा लागत होता का?

घामाघूम (११:४१)
भाऊ नाही, ताई. पंखा आठ वर्षांचा. गोल खटका. व्होल्टेज व्यवस्थित आहे. आवाज वरून येतो बहुतेक. आधी मंद फिरायचा पण थोडा तरी लागायचा, आता बऱ्यापैकी जोरात फिरतो आणि काहीच नाही. बेडरूमचाही जरा डुगडुगतो, पण त्याला वारा आहे. तो विषय नाही.

खटपट्या (११:४४)
आधी मंद आणि आता जोरात? मधे काय केलंत?

घामाघूम (११:४५)
साफ केला. वर लिहिलंय.

वऱ्हाडी_ठेचा (१५ मार्च, सकाळी ६:२०)
अवो ताई, वरचा मजला अन् अकोला म्हंता, मंग पंख्याकडून काय आस धरता? दिवसभर स्लॅब तापते, रातच्याले पंखा तेच गरम खाली ढकलते. पंख्यानं खोली गार होत नाही, अंगावरचा घाम वाळते तेवढंच. कूलर काढा माळ्यावरून. वाळ्याचे ताटे नवे टाका, पंप आधी बादलीत चालवून पाहा, अन् समोरची खिडकी उघडी ठेवा, नाही तर घर नुसतं दमट होऊन बसते. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारा, फरक कळते.

कोकणी_फणस (सकाळी ७:०२)
तुमचा कूलर आमच्याकडे काहीच कामाचा नाही, हवेतच इतका ओलावा. आम्हाला पंख्याशिवाय गती नाही. आणि खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात ते वेगळंच. मी दर होळीनंतर वरच्या भोकातून दोन थेंब खोबरेल सोडतो. पंखा लोण्यासारखा चालतो.

जुना_वायरमन (७:४०)
अहो नका सोडू! हल्लीच्या पंख्यांत बंद बॉलबेअरिंग असतात, ग्रीस आतच भरलेलं. तेल बेअरिंगमध्ये जात नाही, वाइंडिंगवर, म्हणजे मोटरच्या तारांच्या गुंडाळीवर उतरतं, धूळ धरतं, त्याचा काळा चिखल होतो. बेअरिंग वाजत असेल तर बदलायचं. ६२०१ आणि ६२०२ हे दोन नंबर बहुतेक पंख्यांना चालतात, तरी जुनं काढून त्यावरचा आकडा वाचूनच आणा.

कोकणी_फणस (७:४८)
वीस वर्षं सोडतोय.

जुना_वायरमन (७:५०)
मग त्या पंख्याच्या पोटात वीस वर्षांचा चिखल असणार.

मधली_जाऊ (९:१५)
साफसफाईचं निघालंच आहे म्हणून सांगते. उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवायचा आणि दाबून मागे ओढायचा. सगळी धूळ अभ्र्यात, खाली गादीवर काही पडत नाही. स्वयंपाकघरातल्या पंख्यावर मेणचट थर असतो त्याला कोमट पाणी आणि भांड्याचा साबण. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमच्या पात्यांना लावू नका, काळी पडतात. मी एकदा लावला होता, दिवाळीच्या तोंडावर.

घामाघूम (९:२२)
वर म्हटलं होतं, धूळ सांगू नका.

चष्मेबद्दू (९:४०)
माझ्या टेबलफॅनची मान फिरत नाही. मागची खुंटी दाबली की खट्ट वाजतं आणि परत वर येते. काय करावं?

खटपट्या (९:४१)
वेगळा धागा काढा.

बर्फातला_बाळू (९:५५)
मी अमेरिकेत, मिनेसोटात असतो. इथे पंख्याच्या पोटावर एक बारीक खटका असतो. उन्हाळ्यात खालून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या उलट फिरवायचा, वारा सरळ अंगावर. हिवाळ्यात खटका सरकवून उलट दिशेने, अगदी हळू. हवा वर जाते आणि छताशी साचलेली ऊब भिंतींवरून खाली उतरते. हीटरचं बिल कमी येतं. ऋतू बदलला की आमचं पहिलं काम ते.

वऱ्हाडी_ठेचा (१०:०३)
बाळूभाऊ, अकोल्यात मार्च महिन्यात छतावरची ऊब खाली आणाची हाये का? 😂 थे तं बिनाखटक्याची येऊन राह्यली.

जुना_वायरमन (१०:१०)
हसू नका, बाळूने न विचारलेलं सांगितलं पण नेमकं सांगितलं. ताई, पंखा उलटा फिरत असणार. बंद करून एका पात्याकडे नीट बघा. पातं तिरकं असतं, एक कड छताकडे, एक जमिनीकडे. मग एकवर हळू चालवा. छताकडची कड पुढे चालायला हवी. खालची कड पुढे चालत असेल तर हवा वर फेकली जातेय. कड ओळखता येत नसेल तर पंख्याखाली उदबत्ती धरा. आणि खरं सांगा, साफ करताना आणखी काय काय केलंत?

घामाघूम (१०:५८)
उदबत्तीचा धूर वर गेला. बेडरूममध्ये खाली आला. हॉलचा पंखा बेडरूमच्या उलट दिशेने फिरतोय, आता नीट पाहिलं.
पंखा खाली उतरवलेलाच होता म्हणून दिराने कपॅसिटर पण बदलला. पंखा सुरू झाला म्हणजे तो नीट बसला, असं वाटलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

खटपट्या (११:००)
🙏

जुना_वायरमन (११:१२)
तेच तर सांगायचं होतं, ताई. मोटरमध्ये दोन गुंडाळ्या असतात, रनिंग (चालवणारी) आणि स्टार्टिंग (सुरू करणारी). बाहेर तीन वायरी येतात, त्यातली एक दोघींची सामाईक. कपॅसिटर स्टार्टिंगच्या वाटेत हवा. दिराने तो रनिंगच्या वाटेत घातला, त्यामुळे दिशा फिरली. सामाईक सोडून बाकीच्या दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. पण तोवर असा चालवू नका. स्टार्टिंगची तार सहसा बारीक असते, ती थेट लाइनवर राहिली तर तापते.
काम करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर असतं, मग बंद केलं तरी वीज पंख्यापर्यंत येतच राहते. एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातला खटका, पाडा आणि टेस्टर लावून बघा. कपॅसिटर बंद असतानाही झटका देतो, त्याच्या टोकांना हात नको. आणि वायरींच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग निराळे. जमत नसेल तर माणूस बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे.

युनिटमोजे (११:२०)
बीएलडीसीत कपॅसिटर बदलायची भानगडच नाही. फक्त घ्याल तेव्हा जुना रेग्युलेटर काढून टाका, तो रिमोटवर चालतो.

कोकणी_फणस (११:२४)
रिमोट सोफ्याच्या फटीत गेला की रात्री अकराला पंखा बंद कसा करायचा?

युनिटमोजे (११:२५)
बटण असतं हो भिंतीवर.

घामाघूम (दुपारी ४:३०)
वायरी बदलल्या. वारा आला! दिराने केलं नाही, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने केलं. पण डुगडुग आणि कटकट तशीच आहे. त्याने सगळे स्क्रू आवळले, वर हुकातलं रबर बघितलं, पिन बघितली, सगळं नीट आहे म्हणाला. "चालतंय ना, चालू द्या" म्हणून गेला.

जुना_वायरमन (४:४१)
पाती काढून धुतली होती का?

घामाघूम (४:४३)
हो. बाथरूममध्ये, चांगली घासून.

जुना_वायरमन (४:४४)
फक्त हॉलची?

घामाघूम (४:५०)
दोन्ही पंख्यांची. बादलीत एकत्र. दोन्ही पंखे सारखेच आहेत, एकाच दिवशी घेतले, रंगही तोच.

जुना_वायरमन (४:५८)
म्हणून बेडरूमचाही डुगडुगतो. तो म्हणे विषय नाही! एका पंख्याची तीन पाती कारखान्यात वजन जुळवून एकत्र बांधलेली असतात. दिसायला सारखी असली तरी एका सेटचं पातं दुसऱ्यात गेलं की तोल जातो, मग वरचं सगळं हलतं आणि वाजतं. सहाही काढा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक ठेवा. जुळणारी तीन-तीन वेगळी करा. उचलताना मधे वाकवू नका, कोन बिघडला की वजन जुळूनही उपयोग नाही. बसवल्यावर टोकापासून छतापर्यंत पट्टीने मोजा, पंखा हाताने फिरवून तिन्ही पाती त्याच जागी आणा. अंतर सारखं यायला हवं. पुढच्या वर्षी पात्यांच्या मागे आधी मार्करने खूण करा. खडूने नको, तो धुतला जातो.

मधली_जाऊ (५:०६)
म्हणून म्हणते, अभ्रा.

चष्मेबद्दू (५:३०)
वेगळा धागा काढला होता, तिथे कुणीच आलं नाही.

जुना_वायरमन (५:३८)
तुमच्या पंख्याच्या मानेतल्या गिअरचे दात झिजलेत. प्लास्टिकचा असतो, जुना नमुना घेऊन दुकानात जा.

घामाघूम (१६ मार्च, रात्री ९:१५)
वजन केलं. हॉलमध्ये दोन जड आणि एक हलकं, बेडरूममध्ये उलटं. पंधरा-वीस ग्रॅमचाच फरक होता! अदलाबदल केली. डुगडुग गेली, कटकट गेली. बेडरूमचाही शांत झाला. वायरमनकाका, मनापासून धन्यवाद. बाळूदादा, तुम्हालाही. सासूबाई आजच आल्या, एक दिवस आधी, आणि पंख्याखाली घोरतायत. दिराने पंखा दुरुस्त केला असं त्यांना वाटतंय. मी काही बोलले नाही.

खटपट्या (९:२२)
म्हणजे कपॅसिटरच होता. मी पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं.