मदत हवी आहे: इटालियन रेस्टॉरंटमध्ये सहा जणांची ऑर्डर कशी द्यावी?

सहा जण, त्यात दोन लहान मुलं आणि एक शुद्ध शाकाहारी. खर्च आटोक्यात राहावा म्हणून दोन पिझ्झा, दोन पास्ता वाटून खायचे आहेत. अडचण पास्त्याची. अल्फ्रेडोसारखा पांढरा सॉस निवला की चीज आणि स्टार्चमुळे आळतो. स्पॅगेटी तर वाढतानाच गोळा होते. टोमॅटो सॉसमधला पेने किंवा लझान्या त्यापेक्षा बरा टिकतो. पण मुलांना पांढराच हवा! मग पास्ता पिझ्झानंतर, दुसऱ्या फेरीत सांगावा का?

दुसरं, अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वापरतात. वेटरला नेमकं काय विचारायचं? नुसतं ‘व्हेज आहे’ या उत्तरावर भागत नाही. पेस्टो या बेझिलच्या हिरव्या सॉसमध्येही बहुधा तेच चीज असतं ना?