‘उडत्या रंगांनी’ पास आणि तीन नंबरचा बावटा

प्रश्न (चिपळूण) : भाचीने गृहपाठात लिहिलं, ‘ताई उडत्या रंगांनी पास झाली.’ बाईंनी वहीत भला मोठा लाल गोल काढला. ‘विथ फ्लाइंग कलर्स’ला मराठीत काय म्हणावं? आणि रंग आले कुठून?

उत्तर (मालवण) : रंग नाहीतच त्यात. इथे कलर्स म्हणजे जहाजाचं निशाण. शिडाच्या जहाजांच्या काळात लढाईत निशाण उतरवलं की शरणागती. निशाण फडकवत परतलेलं जहाज म्हणजे जिंकून आलेलं, निदान न हरलेलं. ताई ‘दणक्यात पास झाली’ म्हणा.

‘कलर्स खिळ्याने डोलकाठीला ठोकणे’ (नेल युअर कलर्स टू द मास्ट) हा इंग्रजी वाक्प्रचारही तिथलाच. १७९७ मध्ये कॅम्परडाउनजवळ इंग्रज आणि डच आरमार भिडलं. इंग्रजांच्या ‘व्हेनरेबल’ची डोलकाठी वरून मोडली, निशाण खाली आलं. डचांना ही शरणागती वाटू नये म्हणून जॅक क्रॉफर्ड नावाचा खलाशी गोळीबारातच वर चढला आणि निशाण ठोकून आला. ठोकलेलं निशाण उतरवणार कसं? मला तर सिंहगडावरचे कापलेले दोरच आठवतात. पण ‘परतीचे दोर कापले’ म्हणजे फक्त माघार बंद. इंग्रजीत आपली बाजू चारचौघांत जाहीर करणंही येतं.

‘फ्लॅगशिप’ म्हणजे आरमाराच्या प्रमुखाचं निशाण असलेलं जहाज. फ्लॅगशिप योजनेला कुणी ‘ध्वजनौका योजना’ म्हटलं की मला हसू येतं. मानाचा गणपती असतो, तशी मानाची योजना म्हणा की.

आता ‘रेड फ्लॅग’. हल्ली स्थळं बघतानाही ऐकू येतो : मुलगा प्रत्येक उत्तराआधी आईकडे बघतो, रेड फ्लॅग! याला आपल्याकडे तयार शब्द आहे. वारं फिरलं की आमचे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, सांगतात, ‘बंदरार तीन नंबराचो बावटो लागलो, दर्यात जाव नको.’ गंमत म्हणजे तो बावटा कापडाचा नसतोच. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे. इशारे १ ते ११. तीन नंबर म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका. तेव्हा त्या मुलाबद्दल बिनधास्त म्हणा, ‘तीन नंबरचा बावटा लागलाय.’

प्रश्नकर्ता : मग सरळ ‘लाल बावटा’ का नको?

उत्तर : आमच्या आजोबांसारखे किती चाकरमानी मुंबईला गिरणीत होते! १९२८ ची गिरणी कामगार युनियन लाल बावट्याचीच. घरात ‘लाल बावटा’ म्हटलंत तर आजी विचारील, मोर्चा कधी आहे?