खजराण्याचा उलटा स्वस्तिक सरळ करायला जाऊ का? (लांबलंय, माफ करा)

मल्हारगंजवाली
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, हसू नका.

यंदा रंगपंचमीला टोरी कॉर्नरची गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक) निघाली तेव्हा आमच्या जिन्याखाली एक कुत्रा येऊन लपला, सात-आठ महिन्यांचा असेल, अर्धा गुलाबी अर्धा हिरवा, पाण्याच्या टँकरचा आवाज आला की भिंतीत शिरायला बघायचा. खोबरेल तेल चोळून तीनदा धुतला तरी कान महिनाभर गुलाबीच. गेरमध्ये सापडला म्हणून नाव गेरू.

आता मुद्द्याचं. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. ऑपरेशनच्या आधी मी खजराण्याला उलटा स्वस्तिक काढून आले होते. (इंदूरबाहेरच्यांसाठी, नवस बोलताना गणपतीच्या देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा काढतात, काम झालं की येऊन सरळ काढायचा.) माझा सरळ व्हायचा राहिला तो राहिलाच. नंतर मी तिकडे फिरकले नाही. घरचे देव सासूबाई बघतात, मी फक्त फुलं आणून द्यायची, तीही कोथिंबीर आणावी तशी.

गेरू आल्यापासून पहाटे साडेपाचला उठावं लागतं कारण तो नाकाने चादर ओढतो, इतवारियापर्यंत फिरवून आणते, येताना पोहेवाल्यापाशी हा असा बसतो जसं काही उधारी वसूल करायला आलाय. सहा वर्षांत मी सकाळी घराबाहेर पडत नव्हते हो.

जूनमध्ये त्याने खाणं सोडलं, मग नाकातून रक्त. टिक फीवर (गोचिडीचा ताप) निघाला, प्लेटलेट 22 हजार. डॉक्टर म्हणाले आजची रात्र बघू. मी त्याला शेजारच्या मुलापाशी ठेवलं, रिक्षा केली आणि थेट खजराणा. का गेले माहीत नाही. उलटा स्वस्तिक काढला आणि म्हटलं, आधीचा हिशोब बाकी आहे तुझ्याकडे, लक्षात ठेव.

आता प्लेटलेट 1 लाख 80 हजार, काल सासूबाईंची चप्पल खाल्ली. म्हणजे जायला हवं. पण पाय निघत नाही. कुत्र्याचा सरळ काढायचा आणि ह्यांचा तसाच? मुलगा म्हणतो आई, त्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांना हार घाल. कोणी गेलंय का अशातून?

पलासियाचा_भिया
काकू ते स्वस्तिकाचं मोठी माणसं सांगतील, आधी मला सांगा गोळी कशातून देऊन राहिल्या? दूध दह्यातून देऊ नका, कॅल्शियमने डॉक्सी अंगी लागत नाही. जेवणासोबत द्यायची, रिकाम्या पोटी उलटी होते, आणि वरून थोडं पाणी पाजा नाहीतर गोळी गळ्यात अडकून छाले पडतात. बरा दिसला म्हणून मधेच सोडू नका, आमच्या राणीला तसंच करून ताप परत उलटला होता. आणि गोचिड्या फक्त अंगावर नसतात, भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात अंडी घालतात, तिथे औषध मारून घ्या, जिन्याखाली तर आधी. हो आणि पोह्यांवरचा कांदा अजिबात नाही, कुत्र्याला विष आहे तो.

मल्हारगंजवाली
अगबाई! दह्यातूनच देत होते. आजपासून बंद. कांदा नाही देत, नुसते पोहे दोन घास, जीरावण (पोह्यांवरचा मसाला) पण नाही.

रोखठोक
ताई, स्वस्तिकाने प्लेटलेट वाढत नाहीत, मुलगा बरोबर बोलतोय. बाकीच्यांनी मला शिव्या द्या, सवय आहे. पण 2015 मध्ये जपानी लोकांनी तपासलं होतं, कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांमध्ये ऑक्सिटोसिन हे मायेचं हार्मोन वाढतं, आई आणि बाळात वाढतं तेच. म्हणजे तुम्हाला जे बरं वाटतंय ते मनाचे खेळ नाहीत. देवळात जायचं का? जा की. बोलून आलात ना. समोर कोणी ऐकत होतं की नाही ते नंतर भांडू.

रामबागेतले_आजोबा
सूनबाई, वय 78, टाइप हळू होतं, सांभाळून घ्या. रोखठोकराव, शिव्या देत नाही पण चहाला या एकदा.

होळकरांचं कुलदैवत मल्हारी मार्तंड, त्याच्या पायाशी कुत्रा. दत्ताच्या पायाशी तर चार, वेद म्हणतात त्यांना. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नको देवा म्हणत. तेव्हा कुत्र्यासाठी नवस कसा ही शंका काढून टाका.

दुसरं अवघड आहे. माझाही एक उलटा राहिलाय तिथे, धाकट्या भावाचा, 1994 चा. चार वर्षं मी त्या रस्त्याने सुद्धा गेलो नाही, विजयनगरला जायचं तर वळसा घालायचो. मग एकदा नातवाच्या निकालासाठी घरच्यांनी ओढून नेलं. मागे गेलो तर भिंत हजार हातांनी भरलेली, माझा कुठला हेच कळेना. इतक्या लोकांचे उलटे पाहिले आणि तिथेच पायरीवर बसून राहिलो अर्धा तास. सरळ नाही काढला. पण आता दर चतुर्थीला जातो. ह्याहून जास्त मला सांगता येत नाही.

मल्हारगंजवाली
(बारा दिवसांनी) जाऊन आले, बुधवारी. गेरूला आत कोण घेणार, रिक्षावाल्याकडे दोरी देऊन गेले, तो म्हणे मौसी आराम से आओ.

आजोबा, माझाही सापडला नाही. गेरूचा सरळ काढला. मग शेजारी ह्यांच्यासाठी बोट टेकवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि काढून घेतलं. बोटाचा ठिपका राहिलाय फक्त. बाहेर आले तर रिक्षावाला मागे बसलेला आणि गेरू पुढच्या सीटवर.

घरी आल्यावर बघते तर सासूबाईंनी वाटीत दहीभात कालवून ठेवलेला. ज्या त्याला स्वयंपाकघराचा उंबरा शिवू देत नव्हत्या त्या! मी म्हटलं आई, आधी विचारून घेते.

भिया, गोळ्या परवा संपल्या. आता दही चालेल ना?