मदत हवी आहे: गांजाला ‘गॅप’ द्यायचा म्हणणाऱ्यांना कसं सांभाळता?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी समुपदेशन करते. ओळख पटेल असे तपशील टाळते आहे.

माझ्याकडे येणाऱ्यांत रोज गांजा ओढणारे काही शेतकरी आहेत. सोडायचं त्यांच्या मनात नाही. एकाचं म्हणणं असं: “ताई, मी सोडतो म्हनत नाही. पहिले एका चिलमीत भागे, आता तीन लागते तरी काही वाटत नाही. थोडे दिवस बंद ठेवलं तं मंग कमीत भागन का?”

भागतं, हे खरं. रोज ओढल्याने मेंदूतले सीबी-१ रिसेप्टर (गांजाचा अंमल ज्यांच्यामार्फत चढतो ते) घटतात. बंद केल्यावर दोनेक दिवसांत सावरू लागतात आणि ४ आठवड्यांत बरेचसे पूर्ववत होतात. पण हे वावरात जमवायचं कसं? हरभऱ्यात रानडुकरं नि रोही शिरतात म्हणून रात्रभर जागल असते, आणि चिलीम पेटते ती तिथेच, चौघांत. बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, घाम, भलतीच स्वप्नं हे सगळं जोरात असतं. त्यात जागरण. त्रास नेमका कशाचा, हे त्यालाही सांगता येत नाही.

शिवाय चिलमीत तंबाखू असतोच. गांजा थांबला की एकाचा खर्रा (तंबाखू-सुपारीचा) वाढला. आणि घरचे! त्यांना गॅप म्हणजे सुटला असंच वाटतं. महिन्याने पुन्हा चिलीम दिसली की बायको मलाच विचारणार, “काहून जी, सुटला होता ना?”

आमचे वरिष्ठ म्हणतात, पूर्ण सोडणार असेल तरच बसव. मला पटत नाही. अशाने माणूस यायचाच बंद होतो. (१९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा बाळगणं गुन्हा आहे, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. तो वाद इथे नको.)

मुदत किती ठरवता? घरच्यांना काय सांगता?

*

वावरवाट: ताई, जागलीच्या दिवसांत सुरूच करू नका. हरभरा घरात येऊ द्या. महाशिवरात्रीला पचमढीला महादेवाच्या यात्रेला जाणारा असेल तर तेही उरकू द्या. तिथे कोणाचा निग्रह टिकत नाही. मी ४ आठवडेच धरतो, पण त्याच्याशी बोलताना एकेका आठवड्याचं बोलतो.

जास्त काळजी गॅपनंतरची. जुन्याच मापाने ओढला तर छाती धडधडते, भलतं घाबरायला होतं. पुन्हा किती आणि कधी, हे गॅप चालू असतानाच त्याच्या तोंडून ठरवून घ्या. बरेच जण तेव्हा “आता राहू द्या” म्हणतात, पण आपण ते सुचवायचं नाही.

घरच्यांना त्याच्या संमतीने, त्याच्यासमोरच “थांबवलाय” एवढंच सांगा. कोणाला नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा घरात तसा आजार असेल, तर गॅपची भाषा सोडा आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. रात्री-बेरात्रीसाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहून द्या, फुकट आहे.

*

मूळ धागाकर्ती: आभार, दादा. हंगामाचं लगेच पटलं. एकाचा हरभरा निघतच आलाय, त्याच्यापासून सुरुवात करते. खर्ऱ्याचं मात्र राहिलं. दोन्ही एकदम थांबवायचं की आधी चिलीम? कोणी करून पाहिलंय का?