वारीचे फोटो: धोतरं राखाडी, चेहरे काळे. मीटरचं काय चुकतंय?

सासवडची_सून: बाबांचा पेंटॅक्स के१००० हा जुना फिल्म कॅमेरा कपाटातून काढला. यंदा माउलींच्या पालखीला दिवे घाटात ४०० आयएसओचा रोल घेऊन गेले होते. ३६ पैकी धड ९ आले. प्रत्येक वेळी उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई बरोब्बर मधे आणली होती, तरी धोतरं मळकट दिसतात आणि चेहरे काळे. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका माउलीचा फोटो मला फार हवा होता. तिच्यामागे पांढरं ढगाळ आभाळ होतं. तो अंधारलाय आणि हललाय. शटर १/६० सेकंदावर होतं. कॅमेरा बिघडलाय का? जाणकारांनी सांगावं.

जुना_रोल: आधी सेल बदला, एलआर४४ लागतो. या कॅमेऱ्याचं मीटर बंद करायचं बटणच नाही. लेन्सला टोपण नसलं की सेल उतरत राहतो.

घाटवाटा: ताई, कॅमेऱ्यावर लगेच संशय घेऊ नका. मीटरला धोतर कळत नाही, उजेड तेवढा कळतो. समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरून ते मोजतं. चौकटभर पांढरे सदरे, टोप्या, वर आभाळ. सुई मधे आणलीत की ते पांढरं राखाडी होणार आणि त्यात चेहरे बुडणार. काळ्या पाषाणाच्या देवळात उलटं होतं, दगड फिकट पडतो.

मी तळहातावर मोजतो. वारकऱ्यांवर पडतोय तोच उजेड हातावर घ्यायचा, हात चौकटभर धरायचा, सुई मधे आणायची आणि मग एक स्टॉप उघडायचं. म्हणजे लेन्सच्या छिद्रातून दुप्पट उजेड आत घ्यायचा, एफ ११ आलं तर एफ ८ (आकडा लहान तसं छिद्र मोठं). तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून. एकदा मोजलं की उजेड बदलेपर्यंत सुईकडे बघू नका. दाट ढगाळ आभाळाखाली ४०० च्या रोलला एफ ८ आणि १/२५० जवळपास बरोबर बसतं. चालत्या दिंडीला १/६० पुरत नाही.

निगेटिव्ह खिडकीशी धरून बघा. चेहऱ्याच्या जागी नुसता नारिंगी पट्टा असेल तर तिथे उजेड पोचलाच नाही, स्कॅनिंगमध्ये काही निघणार नाही. निगेटिव्ह फिल्मला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी झालेला सोसत नाही.

पन्नास_एमएम: +१. फोकसला गर्दीत वेळ मिळत नाही. ५० एमएमची लेन्स असेल तर एफ ८ ला फोकस ५ मीटर अंतरावर लावून ठेवा. साडेतीन ते नऊ मीटरमधलं सगळं चांगलं येतं. माणूस त्या टप्प्यात येईपर्यंत थांबायचं.

सासवडची_सून: सेल नवाच आहे. निगेटिव्ह आत्ता पाहिली. तुळशीवाल्या माउलीच्या चेहऱ्याच्या जागी खरंच नुसता नारिंगी. फार वाईट वाटलं. पण पुढच्याच फ्रेममध्ये त्यांच्या दिंडीचा फलक आहे आणि क्रमांक वाचता येतोय. पुढच्या आषाढात त्या दिंडीपाशी जाऊन उभी राहते.